जुनी गाडी घेताय? ती कुठल्या हवापाण्यात वापरली ते आधी विचारा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कापसाची वेचणी आटोपत आली, मोसंबीचे पैसे हाती आले, उसाचे बिल बँकेत जमा झाले, की आपल्याकडे घराघरांत एक विषय निघतो. ‘आता एक गाडी घेऊन टाकू.’ नवी पिकअप घ्यावी तर किंमत ऐकूनच माणूस खाली बसतो. मग जुनी शोधायची असे ठरते. कोणी पाव्हणा सांगतो, माझ्या ओळखीचा एजंट आहे. कोणी म्हणतो, पनवेलला स्वस्त मिळते. दुसरा म्हणतो, दिल्लीला तर त्याहून स्वस्त. तेव्हा आज आपण याच विषयावर बोलू. जुनी मालवाहू गाडी घेताना काय बघावे, आणि मुख्य म्हणजे ती गाडी कोणत्या हवेत, कोणत्या पाण्यात वापरली गेली याची चौकशी का करावी.

वडीगोद्रीच्या मंडळींना गाड्यांचे नवल नाही. धुळे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो आणि अंबडकडून येणारा रस्ता तिथेच त्याला मिळतो. फाट्यावर चहा घेत घडीभर उभे राहा आणि जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचा. एमएच २१ म्हणजे आपला जालना. २० छत्रपती संभाजीनगर, २३ बीड. मधूनच एखादी ०८ दिसते, ती रत्नागिरीची. ०७ सिंधुदुर्ग, ०६ पेण, ४६ पनवेल. गुजरातची जीजे, दिल्लीची डीएल, हरियाणाची एचआर. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी विकली तर नंबर बदलत नाही. म्हणजे तुमच्या दारात येणारी गाडी आज बीडच्या मालकाची असली, तरी पाटीवर ०८ असेल तर तिची नोंदणी समुद्रकाठी झाली होती, हे समजून चौकशीला लागावे.

बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो आणि हळूच विचारतो, कुठल्या मुलखातला? डांगी बैल पावसाच्या मुलखातला, देवणी आणि लाल कंधारी आपल्या मराठवाड्यातले. कोणता कुठे टिकतो हे आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होते. गाडीचेही तसेच आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन पिकअप घ्या. एक दहा वर्षे रत्नागिरीच्या बंदरावर राबली, दुसरी अंबडच्या शिवारात. दहा वर्षांनी त्या दोन गाड्यांचे दुखणे सारखे नसते, म्हणून त्यांची तपासणीही सारखी असून चालत नाही.

आधी समुद्रकाठच्या गाडीचे बोलू, कारण सगळ्यांत मोठा फटका तिथेच बसतो.

ज्वारीवरचा, गव्हावरचा तांबेरा तुम्हाला माहीत आहे. आधी पानावर चार ठिपके दिसतात, तेव्हा कोणी मनावर घेत नाही. लोखंडाचा गंज म्हणजे तोच तांबेरा समजा. लोखंड, हवा आणि ओल हे तिघे एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले की तो धावत सुटतो. मीठ हवेतली ओल ओढून धरते, त्यामुळे पाऊस थांबला तरी पत्रा आतून ओलाच राहतो. आपल्या जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणात त्याच्या चौपट म्हटले तरी चालेल, आणि वर समुद्रावरून येणारा खारा वारा बारा महिने. तिथली गाडी चार महिने धड वाळतच नाही.

त्यातही दोन प्रकारच्या गाड्यांपासून फार जपावे. एक मासळी वाहणारी. मासळीवर बर्फ असतो, तो वितळतो, खारे पाणी हौद्याच्या फटींतून खाली चेसिसवर ठिबकत राहते. वर्षानुवर्षे. विकायच्या वेळी हौदा साबणाने, फिनेलने धुतात, नवा पत्रा ठोकतात, वास जातो. पण हौदा ज्या आडव्या पट्ट्यांवर बसवलेला असतो त्या आतून खाल्लेल्या असतात. दुसरी मिठागरावरची, म्हणजे मीठच भरून नेणारी. या दोन गाड्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकी कोकणातली गाडी वाईटच असते असे नाही. डोंगराकडच्या गावात राहिलेली, छपराखाली ठेवलेली, आंब्याच्या हंगामापुरती वापरलेली गाडी चांगलीही निघते. पण ती खालून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

खालून बघायची म्हणजे कशी? वॉशिंग सेंटरवर न्या आणि रॅम्पवर चढवा. मालक ‘कशाला उगाच’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. हातात छोटी हातोडी नाहीतर पान्हा घ्या आणि चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर ठोकत ठोकत पुढून मागे जा. घट्ट लोखंड टणटण वाजते. खाल्लेले लोखंड भदभद वाजते आणि खपल्या पडतात. वरवरचा पिवळट गंज बोटाने पुसला जातो, त्याला घाबरू नका. जुन्या गाडीला तेवढा असायचाच. खपली उचलून खाली खड्डा दिसला तर मात्र ते लोखंड गेले. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात ती जागा, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, केबिनचे पायदान, दरवाजांची खालची कड, चाकावरचे मडगार्ड आणि डिझेलच्या टाकीचे पट्टे, इतक्या जागा नीट बघाव्यात. ब्रेकची नळी गंजून फुटली तर ती थांबायच्या वेळीच फुटते, कारण जोर तेव्हाच येतो. केबिनमधले रबरी मॅट उचला. मॅट वरून कोरडे आणि खाली पत्र्याला चाळणी, हा प्रकार नेहमीचा आहे.

आणखी एक खूण. चेसिसला कोरा करकरीत काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका. दहा वर्षांच्या गाडीला पोटाखाली नवा रंग कशासाठी? घराच्या भिंतीला ओल आली की आपण चुना मारतो, तसे ते असू शकते. रंगावर ठोकून बघा, जोडकामाचे ठिगळ हाताला लागते का ते चाचपा.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे समुद्र कुठे आहे? आपल्याकडे समुद्र नाही, पण मीठ आहे. खताच्या दुकानाची गाडी घ्या. म्युरेट ऑफ पोटॅश हे एक प्रकारचे मीठच आहे. पोते फुटते, खत हौद्याच्या फटीत बसते, पहिल्या पावसात विरघळते आणि पत्रा खायला लागते. युरियाही ओल धरून ठेवतो. कोंबडीखत वाहणाऱ्या गाडीचे तेच. तेव्हा एमएच २१ ची पाटी बघून निर्धास्त होऊ नका. गाडीने आजवर काय वाहिले ते विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीतून खत आणलेत तर त्याच दिवशी हौदा झाडून धुऊन टाका.

आपल्याच भागातली आणखी एक गाडी आहे, तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. गोदाकाठची वाळू वाहिलेली गाडी. ओली वाळू जड, आणि ती मापात कोणी भरत नाही. अशा गाडीचे पाटे बसलेले असतात किंवा जादा पाटे चढवलेले असतात. चेसिसला हँगरपाशी बारीक चीर गेलेली असते, तिच्यावर वेल्डिंगचा डाग असतो. हौद्याची आतली बाजू घासून आरशासारखी चकचकीत झालेली असते. ती बघितली की ओळखावे. शिवाय बेकायदा वाळूच्या प्रकरणात महसूल खाते वाहन जप्त करते आणि दंड लावते. दंड बाकी असलेली गाडी तुमच्या गळ्यात पडायला नको, म्हणून तहसीलमध्ये चौकशी करून घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे ऊस वाहणारे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या आपण रोज बघतो. उसाच्या गाडीलाही जादा भाराचेच दुखणे असते. ट्रॉली घेताना आस आणि जोडणीचा हुक बघावा.

बरे, मग आपल्या कोरड्या मुलखातली गाडी बिनघोर घ्यावी का? तिला गंज कमी, ही गोष्ट खरी. पण ऊन काही फुकट जात नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे सरकतो तेव्हा लोखंडाला काही होत नाही, रबराला होते. पाण्याचे पाइप, पंख्याचा पट्टा, बुश, काचांच्या कडेची रबरे कडक होतात आणि तडकतात. टायरला नक्षी भरपूर शिल्लक दिसते म्हणून माणूस फसतो. टायरच्या बाजूला वाकून बघा. बारीक भेगा दिसल्या, जशा उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात, तर ते टायर भरल्या गाडीखाली फुटणार. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. समजा २३१९ आहेत, तर ते २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी काय सांगते ते राहू द्या, हे आकडे वाचा. बॅटरीही उन्हाने लवकर संपते, तिच्यातले पाणी उडते. टायर आणि बॅटरी मिळून केवढा खर्च होतो हे ज्याने भरला त्याला विचारा.

कोरड्या भागातले दुसरे दुखणे बोअरच्या पाण्याचे. आपल्या बोअरचे पाणी किती जड आहे हे घरातल्या बायकांना चांगले ठाऊक आहे. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले तर तिथेही तोच थर बसतो. बारीक नळ्या बुजतात, इंजिन तापते, आणि शेवटी हेड गॅस्केट जाते. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण उघडा. गरम असताना उघडलेत तर तोंड भाजेल, हे पक्के लक्षात ठेवा. आत स्वच्छ रंगीत कूलंट असेल तर मालक काळजीवाहू आहे. गढूळ, तांबूस पाणी आणि झाकणाला पांढरी खपली असेल तर भाव कमी करायला सांगा किंवा सोडून द्या. मग इंजिन तेलाचे झाकण काढा. आतल्या बाजूला ताकाच्या सायीसारखे काही लागले असेल तर तेलात पाणी उतरत असण्याची शक्यता मोठी.

तिसरे म्हणजे धूळ. मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे एअर फिल्टर वेळच्या वेळी बदलले नाही तर बारीक माती इंजिनात जाऊन पिस्टनच्या रिंगा खाते. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण सैल करा. धूर भसाभसा वर आला, झाकण उडायला लागले, तर इंजिन उघडायला झाले आहे. सायलेन्सरचा धूरही बघून घ्या. निळसर धूर म्हणजे तेल जळते. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर सकाळी सुरू करताना थोडा येतो, त्याचे काही नाही. गाडी तापल्यावरही येतच राहिला तर पाणी जळते आहे असे समजावे.

म्हणून गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर तुम्ही येण्याआधी ती कोणी तरी चालू करून ठेवली आहे. का ठेवली ते विचारा.

थंड मुलखाचे थोडक्यात सांगतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ पडतो. तो वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्या मिठाने तिकडच्या गाड्या खालून खाल्ल्या जातात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असूनही! तिकडचे जाणकार लोक म्हणूनच जुनी गाडी कोरड्या, उन्हाळी भागातली शोधतात. आपल्याला तिकडची गाडी घ्यायची नाही, पण गोष्ट तीच आहे. घाटातल्या गाडीचे मात्र लक्षात असू द्या. सतत चढ-उतार असल्याने क्लच, गिअर आणि ब्रेक यांची झीज जास्त होते. अशी गाडी सपाट रस्त्यावर चालवून कळत नाही. माल भरून चढावर न्यावी.

आता पुराच्या गाड्या. ही फसवणूक अलीकडे वाढली आहे. मुंबईत २६ जुलै २००५ ला पाणी भरले, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. सप्टेंबर २०२५ मध्ये तर आपल्याच मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गोदाकाठ पाण्याखाली गेला. अशा प्रत्येक पुरानंतर काही गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावी विकायला जातात. जुन्या काळच्या गाडीला पाणी लागले तर मिस्त्री इंजिन खोलून, वाळवून ती उभी करत असे. आताच्या गाडीत जागोजागी विजेच्या तारा आणि इलेक्ट्रॉनिक डबे असतात. त्यात गाळाचे पाणी शिरले की आज गाडी चालते, सहा महिन्यांनी जोडांना गंज धरला की ऐन हंगामात बंद पडते. ती रस्त्यात उभी, आत मोसंबी भरलेली, आणि जालन्याचा बाजार दुपारी उठणार. हे नुकसान कोण भरून देणार?

पुराची गाडी ओळखायच्या जागा अशा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणारा माणूस वरचा पट्टा धुतो, गुंडाळीतला गाळ तसाच राहतो. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का बघा. हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ दिसते का? फ्यूजच्या डब्यात माती आहे का? आणि काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा. पाण्यात भिजलेल्या पेंढीसारखा कुबट वास आपल्या नाकाला लगेच कळतो. वासाचा उग्र अत्तरी पुडा टांगलेला असला तर आणखी सावध व्हा.

दिल्लीकडच्या गाड्यांविषयी बरेच जण विचारतात. तिकडे गाड्या स्वस्त का? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्यात फेरबदलही झाले. पण त्या नियमांमुळे तिकडचे मालक जुनी डिझेल गाडी बाहेरच्या राज्यात काढायला बघू लागले. हवेच्या दृष्टीने दिल्लीची गाडी कोकणच्या गाडीपेक्षा बरी, कारण तिथे खारा वारा नाही. अडचण असते ती कागदांची. ना हरकत दाखला, ज्याला सगळे एनओसी म्हणतात, तो कोणत्या परिवहन कार्यालयाच्या नावाने दिला आहे हे बघावे लागते. तो जालन्याच्या नावाने पाहिजे. इथला कर वेगळा भरावा लागतो, नवा एमएच २१ चा नंबर घ्यावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायचा तर दिल्लीचे हेलपाटे घालायचे. समजा, तुम्हाला तिकडे गाडी साठ हजारांनी स्वस्त मिळाली. दोघांचे जाण्याचे भाडे, गाडी आणायचे डिझेल आणि टोल, इथला कर, एजंटाचे पैसे आणि दोन-तीन महिने कागद होईपर्यंत दारात उभी राहिलेली गाडी, हे सगळे कागदावर मांडा. साठ हजारांतले किती उरतात ते स्वतःच बघा. माझ्या मते चारशे कोसांवरच्या स्वस्त गाडीपेक्षा शेजारच्या तालुक्यातली, जिचा मालक आणि मिस्त्री दोघे भेटतील अशी गाडी थोडी महाग पडली तरी घ्यावी.

नव्या नियमाच्या गाड्यांची एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यातल्या डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. शेत ते गाव, गाव ते शेत असे नुसते दोन-तीन किलोमीटर फिरवले की ती बुजते. तिला मधूनमधून मोठ्या रस्त्यावर लांब चालवावी लागते. बऱ्याच मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावण घालायची वेगळी टाकीही असते. ते द्रावण कारखान्यात शुद्ध केलेले, ठरावीक मापाचे, साडेबत्तीस टक्क्यांचे असते. आपल्या शेतातला युरिया बादलीत कालवून त्यात ओतायचा मोह कोणी करू नये. दुरुस्तीचा आकडा ऐकून घाम फुटेल.

आता कागद. गाडी खालून चांगली निघाली आणि कागदात अडकली, अशी उदाहरणे कमी नाहीत.

पहिले काम, नोंदणी पुस्तकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवणे. चेसिसवर कागद ठेवून शिसपेन्सिलने घासा, छाप उमटतो. नंबराच्या आजूबाजूचे लोखंड घासलेले, ठोकलेले दिसले तर हात लावू नका. दुसरे, कर्ज. पुस्तकात फायनान्स कंपनीचे किंवा बँकेचे नाव असेल तर ‘हप्ते फिटलेत हो’ या तोंडी शब्दावर जाऊ नये. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात पाहिजे. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की विमा, फिटनेस आणि कर्जाची नोंद दिसते. दंडाची चलने बाकी आहेत का तेही बघून घ्या. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र लागते. ते त्याच्याकडे आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला लागतो, आपण त्याला पासिंग म्हणतो. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी. पंधरा वर्षांवरच्या गाडीची फी २०२२ पासून फार वाढली आहे. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आनंद करण्याआधी पुढच्या पासिंगचा खर्च विचारा. भंगाराने भरलेले ट्रक जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडे जाताना आपण बघतोच. आपली गाडी दोन वर्षांत त्यात दिसायला नको. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, त्यावर लागतो. चालवण्याच्या लायसन्सबद्दल मात्र चांगली बातमी आहे. साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. नसली तर तो खर्च किमतीतून वजा करा.

आणि आता जे सांगतो ते विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही ऐकावे. आपल्याकडे स्टँपवर लिहून दिले, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, किल्ली दिली, की सौदा झाला असे समजतात. पुस्तकावर नाव जुन्याचेच राहते. कधी कधी वर्षानुवर्षे. अशा गाडीने रस्त्यात माणूस उडवला तर भरपाई कोणाकडून? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधल्या एका निकालात सांगितले की, परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी विकून चार वर्षे झाली, मधे तीन हात बदलले, तरी नोटीस तुमच्याच दारात येणार. विमा नसेल तर जमिनीवर बेतू शकते. घेणाऱ्याचाही तोटा आहेच. नाव झालेले नसले की अपघातात स्वतःच्या गाडीची विम्याची भरपाई अडते.

म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी करा. एकाच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव करून घ्यायचे असते. विमा कंपनीलाही चौदा दिवसांत कळवावे. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाच्या हातात देऊ नका. बयाणा दिला तर इसार पावती करा, तीत गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, नाव कोण करून देणार आणि कधीपर्यंत, हे लिहा. पैशाचा मोठा भाग बँकेतून द्या आणि थोडी रक्कम नाव होईपर्यंत हातात ठेवा. बैलांचा सौदा रुमालाखाली बोटे धरून झाला तरी चालत असे. गाडीचा चालत नाही. आणि आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, त्याचा दिवसाचा रोज द्या. विकणाऱ्याचा मिस्त्री विकणाऱ्याचेच बोलणार.

गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअर आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल बदला, डिझेल आणि हवेचे फिल्टर नवे टाका. रेडिएटर धुऊन शुद्ध पाण्याबरोबर कूलंट भरा. काळ्या रानातला चिखल चेसिसच्या आत बसतो आणि पार उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवतो, तो पावसाळ्यात दर आठवड्याला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढत जा. गाडी उकिरड्याशेजारी किंवा गोठ्याला लागून उभी करू नका, तिथली वाफ पत्र्याला चांगली नाही. दिवाळीनंतर वाफसा धरला, रस्ते वाळले की एकदा खालून जुने तेल किंवा गंजरोधक रंग मारून घ्या, पण तो कोरड्या लोखंडावर. ओल्यावर मारलात तर ओल आत कोंडते आणि गंज जास्तच धरतो. ब्रेकच्या पट्ट्यांना, रबराला आणि सायलेन्सरला ते तेल लागू देऊ नका.